काकांचा स्क्रू-ड्रायव्हर

चिंचवडला एक जुनी हेरल्ड विकायची आहे असं कळलं, म्हणून रविवारी काकांना घेऊन गेलो. (काकांची सगळी नोकरी पिंपरीत टूलरूमला झाली, हे घरच्यांना सांगायला नको.) गाडी लाल, दोन दारांची आणि बिनछताची! मी तर तिथेच विरघळलो.

ट्रायम्फ हेरल्ड इंग्लंडात आली १९५९ साली. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड कंपनी ती बनवू लागली. डिझाइन इटलीच्या मिकेलॉत्तींचं. इतर गाड्या एकसंध सांगाड्याच्या होत असताना हिला मात्र वेगळी चासी, आणि छत चक्क बोल्टांनी बसवलेलं. हीच चासी आखूड करून १९६२ साली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली. म्हणजे हेरल्ड तिची थोरली बहीणच की!

हे सगळं मी मालकांना ऐकवत होतो तेव्हा काका गाडीखाली होते. रंगाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बाहेर येऊन दार लावलं. वर घासत होतं, खालच्या फटीत करंगळी जात होती.

"छत काढलं, चासी गंजली, गाडी मधे बसली," काका म्हणाले. ताज्या काळ्या रंगावर त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. तो लांबीतून सरळ आत गेला. माझी वर्षभराची बचत त्याच भोकात जाणार होती.

मालक गप्प. गाडी त्यांच्या वडिलांची.

"मूळचं छत आहे का?" काकांनी विचारलं.

"गच्चीवर आहे. पाण्याच्या टाकीवर झाकलंय."

काका जिना चढायला लागले.