वॉटर कप स्पर्धेतील स्वयंसेवा

‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही पाणी फाउंडेशन या संस्थेने २०१६ ते २०१९ या काळात महाराष्ट्रात घेतलेली, गावागावांमधील जलसंधारणाची स्पर्धा होय. या स्पर्धेसाठी ग्रामस्थांनी व शहरी नागरिकांनी विनामोबदला केलेले काम हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. स्पर्धेतील गावांवर आधारित ‘तुफान आलंया’ हा कार्यक्रम मराठी वाहिन्यांवरून दाखविला जात असे. इतर रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांत स्वयंसेवक पडद्यामागे राहतात. येथे त्यांचे श्रम हाच चित्रीकरणाचा विषय होता. तरीही त्या श्रमांचा मोठा भाग पडद्यावर आला नाही.

पार्श्वभूमी

आमिर खान यांच्या ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे प्रसारण ६ मे २०१२ रोजी सुरू झाले. त्याच चमूतून २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची स्थापना झाली. आमिर खान व किरण राव हे संस्थापक, तर ‘सत्यमेव जयते’चे दिग्दर्शक सत्यजित भटकळ हे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. पहिली स्पर्धा वरुड (अमरावती), अंबाजोगाई (बीड) व कोरेगाव (सातारा) या ३ तालुक्यांत झाली आणि कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव विजयी ठरले. २०१७ मध्ये ३० तालुके सहभागी झाले. त्या वर्षी वर्धा जिल्ह्यातील काकडदरा गावाने पहिले पारितोषिक मिळविले. २०१८ मध्ये स्पर्धा २४ जिल्ह्यांतील ७५ तालुक्यांत पोहोचली व सातारा जिल्ह्यातील टाकेवाडी गाव प्रथम आले.

परस्परांच्या कामाला हात लावण्याची रीत महाराष्ट्राला नवी नव्हती. शेतीतील इर्जिक व सावड या प्रथा त्याच स्वरूपाच्या आहेत. मात्र इर्जिकीचा लाभ ठरावीक शेतकऱ्याला होतो. वॉटर कपमधील काम संपूर्ण शिवारासाठी होते.

कामाचे स्वरूप

स्पर्धेपूर्वी प्रत्येक गावातील काही स्त्री-पुरुषांना निवासी प्रशिक्षण दिले जाई. गावी परतल्यावर शिवारफेरी काढणे, उताराची पाहणी करणे आणि ‘माथा ते पायथा’ या क्रमाने कामांचा आराखडा करणे ही जबाबदारी त्यांच्यावर असे. समपातळीतील बिंदू शोधण्यासाठी ‘ए’ आकाराची लाकडी चौकट किंवा पाण्याची पारदर्शक नळी वापरत. त्यानंतर फक्कीने रेषा आखून सलग समतल चर खणले जात.

हे आखणीचे काम चुकले, तर खोदाई व्यर्थ जाते. १०० मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चराचे आकारमान १८ घनमीटर भरते. म्हणजे तो एकदा पूर्ण भरला की १८,००० लिटर पाणी अडते. चर समपातळीत नसेल, तर पाणी एका टोकाला साचून बांध फुटतो. म्हणून कुदळ चालविणाऱ्याइतकेच महत्त्व आखणी करणाऱ्याला आणि मोजमापांची वही ठेवणाऱ्याला होते. विजेता प्रेक्षकांच्या कौलावर ठरत नसे. गुण देताना श्रमदानाबरोबर यंत्रकाम, रचनांची गुणवत्ता, शोषखड्डे, रोपवाटिका इत्यादी बाबी पाहिल्या जात.

स्पर्धेचा काळ भर उन्हाळ्याचा असे. २०१८ ची स्पर्धा ८ एप्रिल ते २२ मे या काळात झाली. ऊन टाळण्यासाठी पहाटे किंवा रात्री काम करावे लागे. पिण्याचे पाणी पोहोचविणे, न्याहारी करणे, अवजारांना दांडे बसविणे, घरोघरी जाऊन माणसे जमविणे ही कामेही स्वयंसेवकच करीत.

जलमित्र

शहरांतून श्रमदानासाठी येणाऱ्या नोंदणीकृत स्वयंसेवकांना ‘जलमित्र’ म्हटले जाई. १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्रदिनी, अनेक गावांत महाश्रमदान झाले. एका दिवसाच्या कामाने चर फारसे वाढत नसले, तरी शहरी पाहुण्यांना दुष्काळी गावातील परिस्थिती समजत असे. पाहुणे येण्यापूर्वीची आखणी आणि ते गेल्यानंतर अर्धवट चरांची दुरुस्ती मात्र ग्रामस्थांच्याच वाट्याला येई.

नंदुरबार जिल्हा

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेला नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा २०१८ मध्ये स्पर्धेत सहभागी होता. उत्तरेस सातपुड्याचे डोंगर व नर्मदा, तर मध्यभागी तापीचे खोरे अशी येथील रचना आहे. डोंगरउतारावरील पाणी वेगाने वाहून जात असल्याने माथ्यावरील उपचारांना येथे विशेष महत्त्व आहे.

जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोड व अन्य मजुरीसाठी गुजरातसह इतरत्र स्थलांतर करतात व होळीच्या सुमारास गावी येतात. त्यानंतरचा काळ मोहफुले वेचण्याचा आणि लग्नसराईचा असतो. त्यामुळे अशा कुटुंबांसाठी श्रमदान म्हणजे केवळ फावल्या वेळाचे दान नसते. कमाईचे काही दिवस सोडणे असते.

मूल्यमापन व मर्यादा

सलग समतल चर, बांधबंदिस्ती यांसारखी कामे महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेतही होत असत. २०१८-१९ मध्ये या योजनेची महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला २०३ रुपये होती. म्हणून मजूर कुटुंबाने तेच काम विनामोबदला करावे काय, हा प्रश्न उपस्थित होतो. अडविलेल्या पाण्याचा थेट लाभ विहीर व जमीन असणाऱ्यांना अधिक मिळतो. भूमिहीनांचे श्रम मात्र तितकेच खर्च होतात. पिण्याच्या पाण्याची सोय, गायरानातील चारा आणि शेतीकामात वाढ या मार्गांनी लाभ पोहोचला, तरच ही तफावत कमी होते.

दुसरी मर्यादा पाण्याच्या वापराची आहे. भूजलपातळी वाढल्यावर नव्या कूपनलिका घेतल्या किंवा ऊस, केळी यांसारख्या पिकांखालील क्षेत्र वाढले, तर साठविलेले पाणी लवकर संपते. चर दरवर्षी गाळाने भरत असल्याने त्यांची देखभालही करावी लागते. त्यासाठी कॅमेरा व पारितोषिक गेल्यानंतर टिकणारे गावसंघटन आवश्यक असते.

२०१९ नंतर ही स्पर्धा थांबली. २०२० मध्ये संस्थेने ‘समृद्ध गाव’ स्पर्धा सुरू केली आणि तिच्यात पाणी अडविण्याबरोबर पाण्याचे व्यवस्थापन, मृदा, गवताळ कुरणे व गावाचे उत्पन्न या विषयांचाही समावेश केला.