पिसांचे अलंकारशास्त्र

अलंकार काव्यासाठी की अलंकारासाठीच, हा जुना प्रश्न आम्ही दरवर्षी वर्गात मांडतो. त्याचे एक उत्तर आम्हांला अगदी अनपेक्षित ठिकाणी, व्हिक्टोरियाकालीन ब्रिटनमधील साल्मनच्या गळावर सापडले.

अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत परतलेला साल्मन सहसा काही खात नाही. त्यामुळे त्याच्यासाठी गळावर बांधलेल्या कृत्रिम माशीला खऱ्या कीटकासारखे दिसण्याचे बंधनच नव्हते. ही मोकळीक हळूहळू शास्त्र बनली. जॉर्ज केल्सन यांच्या १८९५ मधील ‘द साल्मन फ्लाय’ या ग्रंथात शेपूट, अंग, पंख, गाल अशा एकेका अवयवासाठी कोणत्या पक्ष्याचे पीस वापरायचे, हे ठरवून दिलेले आहे.

यातला अवघड भाग पंखाचा. पिसाच्या दांडीला फुटलेले तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात. निरनिराळ्या पक्ष्यांच्या पिसांतले तंतू सुटे करून शेजारी ठेवले आणि बोटांनी हलकेच सारखे केले, की ते जुळून एक नवेच पीस तयार होते. डाव्या पंखाला डाव्या बाजूचे तंतू, उजव्याला उजव्या बाजूचे, हा नियम. कारागीर याला ‘लग्न लावलेला पंख’ म्हणतात. आम्ही समास म्हणू, कारण जुळूनही प्रत्येक पदाचा रंग शाबूत राहतो. कित्येक माश्यांच्या गालावर येणारे मेणचट ठिपक्यांचे पीस तर आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे.

पुढे ब्रिटनमध्ये १९२१ चा पिसांच्या आयातबंदीचा आणि भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. रंगवलेली साधी पिसे पर्याय म्हणून आली, तरी मूळ पिसांचा मोह सुटला नाही. २००९ मध्ये इंग्लंडमधील ट्रिंग येथील संग्रहालयातून एका तरुण बासरीवादकाने पक्ष्यांची २९९ कातडी चोरली. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी जमवलेले पक्षीही होते. सापडलेल्या कित्येक कातड्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या होत्या. पक्षी कुठे आणि केव्हा मिळाला, हे सांगणारी चिठ्ठी गेली की अभ्यासकाच्या दृष्टीने उरते ते केवळ शोभिवंत पीस.

हस्तलिखिताची पुष्पिका फाडून चित्र तेवढे ठेवावे, तसे हे झाले. आज अशा माश्या बांधणारे अनेक जण मासे धरायला जातही नाहीत. अलंकार्य नाहीसे झाले, अलंकार उरला. आणि त्याची किंमत मात्र पक्ष्यांनी मोजली.