वशिंडावरून पडलेलं नाव

लोणीच्या जनावरांच्या बाजारात एका काळ्या-पांढऱ्या गाईची चौकशी केली. मालक म्हणाले, "जर्सी हाय, दुसऱ्या वेताची." गाय उघड उघड होल्स्टीन वळणाची होती. जर्सी असते बदामी, अंगानं लहान. तेव्हापासून या शब्दानं माझी पाठ सोडलेली नाही.

जर्सी हे फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं बेट. १७८९ साली तिथं बाहेरून गाईगुरं आणायला बंदी झाली नि वाण शुद्ध राहिला. विणलेल्या लोकरी जर्सीचं नावही तिथलंच. बेटाच्या नावावर मात्र वाद आहे. काही जण ते लॅटिन ‘सीझरिया’वरून काढतात. मला ते पटत नाही. नॉर्स दर्यावर्दींच्या भाषेत ‘एय’ म्हणजे बेट, आणि शेजारच्या गर्न्सी, ऑल्डर्नी या नावांचा शेवटही तसाच. सीझर एका बेटाचा खुलासा करील, तिन्हींचा नाही.

१९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला ‘बायफ’ ही संस्था सुरू केली आणि पुढं संकरासाठी विदेशी वळूंचं गोठवलेलं वीर्य गोठ्यागोठ्यात पोचलं. आधी जर्सी आली, म्हणून सगळ्याच संकरित गाईंना ते नाव चिकटलं, असं सांगतात. पण मग होल्स्टीन सगळीकडे झाल्यावरही नाव का बदललं नाही? ‘होल्स्टीन’ जिभेला जड म्हणावं, तर ‘एचएफ’ (होल्स्टीन फ्रिजियन) सोपं आहे. डॉक्टर, डेअरीवाले तेच म्हणतात.

माझं म्हणणं असं: शेतकऱ्यानं रंग पाहिला नाही, वशिंड पाहिलं. आपल्याकडे गाय पाळायची ती बैलासाठी. खिल्लारची किंमत तिच्या खोंडावर. जू टेकतं वशिंडापुढं. संकरित जनावराचं वशिंड बसकं, त्यामुळे गोऱ्हा औताला कमी पडतो. म्हणजे नवी गाय पोसायची ती फक्त दुधासाठी. डेअरीचा भाव ३.५ फॅट, ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून उरलेल्या घन घटकांवर) बांधलेला. जर्सीच्या दुधाला फॅट जास्त, तरी हिशेब लिटरवर जातो, म्हणून गोठ्यात होल्स्टीन भरली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘फुले त्रिवेणी’ या संकरित गाईतही होल्स्टीन निम्मी, जर्सी नि गीर पाव-पाव.

वशिंडाची ती गावरान, बिनवशिंडाची ती जर्सी. औत ओढणाऱ्या घरानं केलेली ही वर्गवारी आहे. तुमच्या भागात या गाईला काय म्हणतात, ते म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा.