बांधावरचे केकताड आणि गुत्त्यातला मोह

नांदेडहून हिंगोलीच्या वाटेने अर्धापुराकडे निघालेल्या प्रवाशाच्या दृष्टीस ऊर्ध्व पैनगंगेच्या कालव्यावर पोसलेल्या केळीच्या बागा इतक्या सातत्याने पडत राहतात की, जेथे कालव्याचे पाणी पोहोचत नाही अशा माळरानाच्या बांधांवर, गुराढोरांनी पिकात शिरू नये एवढ्याच हेतूने जुन्या कुणब्यांनी लावून ठेवलेले केकताड त्याच्या लक्षात सहसा येत नाही. पुण्या-नगराकडे ज्यास घायपात म्हणतात तेच हे झुडूप. जाड, काटेरी, करड्या-निळसर पात्यांचे, वर्षानुवर्षे निश्चल बसून राहणारे, आणि आयुष्यात एकदाच पुरुषभर उंचीच्या कितीतरी पट वर दांडा फेकून, फुलून, मरून जाणारे. हे मूळचे आपल्या भूमीचे नव्हे. अमेरिका खंडाचा शोध लागल्यानंतर युरोपियनांच्या गलबतांतून ते पूर्वेकडे आले, पुढे आगगाडीच्या रुळांलगत कुंपण म्हणून रुजले, आणि दख्खनच्या मुरमाड जमिनीत असे काही रमले की, ते परदेशी आहे हे सांगितल्यावर आज कोणाचा विश्वास बसू नये. ज्या मेक्सिको देशाचे ते मूळ रहिवासी, तेथे याच, म्हणजे अगाव्हेच्या, कुळातील एका निळ्या जातीपासून टकीला नावाचे जगद्विख्यात मद्य गाळले जाते. आपल्याकडे मात्र त्यापासून निघाला तो वाख, आणि वाखापासून कासरे, दावी व चऱ्हाटे. एकाच कुळाच्या नशिबी दोन देशांत असे दोन भिन्न व्यवसाय का आले, याचा विचार करू लागल्यास आपण अपरिहार्यपणे मराठवाड्याच्या आबकारीच्या इतिहासात जाऊन पोहोचतो.

वाखाचा उद्योग बहुतांशी मातंग समाजाच्या हाती होता, आणि बलुतेदारीच्या व्यवस्थेत शेतकऱ्यास वर्षाकाठी लागणारे दोरखंड पुरविणे हे त्यांचे नेमून दिलेले काम होते. पाती कापून आणावयाची, त्यांच्या कडांचे काटे तासावयाचे, ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली दाबून ती कुजत ठेवावयाची, आणि गर सडून सुटला की दगडावर आपटून, पिंजून, धुऊन पांढरा वाख उन्हात टाकावयाचा, असा तो क्रम. कुजक्या पात्यांची दुर्गंधी दूरवर जाई, आणि हिरव्या पात्याचा रस अंगावर उडाल्यास कातडीस अशी खाज सुटे की कोपरापर्यंत चट्टे उठत. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात बैलाच्या नव्या वेसणी, म्होरक्या व कासरे घरोघर पोहोचत आणि त्याबदली सुगीत धान्य मिळे. ज्या वनस्पतीचा रस हातावर पडताच माणूस पाण्याकडे धावतो, तिच्या बुंध्यात साखर दडलेली असेल आणि तो गड्डा भाजला असता ती प्रकट होईल, अशी शंका कोणास यावी तरी कशी?

मेक्सिकोतील लोकांस ही विद्या परंपरेने अवगत होती. स्पॅनिश लोक येण्याच्या कित्येक शतके पूर्वीपासून ते या कुळातील वनस्पतींच्या गाभ्यातून पाझरणारा रस आंबवून पुल्के नावाचे पांढरे पेय करीत, आणि गड्डे जमिनीतील भट्टीत भाजून खातही असत. ऊर्ध्वपातनाची कला मागाहून आली. हालिस्को प्रांतातील टकीला या गावी कुएर्वो घराण्यास 1795 मध्ये स्पेनच्या राजाकडून गाळपाची सनद मिळाली, 1873 मध्ये साउसा घराण्याचा कारखाना निघाला, आणि 1974 साली मेक्सिकोच्या शासनाने असा निर्बंध घातला की, ठरावीक प्रांतांत, अगाव्हेपैकी केवळ निळ्या जातीपासून गाळलेल्या मद्यास टकीला म्हणावे, इतरांस नव्हे. सहा ते आठ वर्षे वाढलेल्या झुडुपाची पाती लांब दांड्याच्या गोल पात्याने छाटली की अननसाच्या आकाराचा अजस्र गड्डा उरतो. तो भाजल्यावर त्यातील इन्युलिन नावाच्या द्रव्याची साखर होते, मग चेचणे, आंबविणे आणि दोनदा गाळणे. गाळून थेट बाटलीत भरली ती ब्लांको, ओकच्या पिंपात किमान दोन महिने विसावली ती रेपोसादो, आणि वर्षभर किंवा अधिक मुरली ती आन्येहो. जाणते लोक निखळ अगाव्हेची आणि निम्म्याच्या जवळपास अन्य साखर मिसळलेली, असा पहिला भेद करतात, आणि तो योग्यच आहे. कारण दुसऱ्या प्रकारात घशास जाणवणारा चरका प्रामुख्याने त्या परक्या साखरेचा असतो, अगाव्हेचा नव्हे. ब्लांकोत हिरव्या गवताची, मिरीची व लिंबाच्या सालीची झाक असते, म्हणून लिंबूरसात वा ग्रेपफ्रुटच्या सोड्यात मिसळावयास ती उत्तम. आन्येहोत पिंपातील व्हॅनिला व जळक्या साखरेचा सुगंध इतका वरचढ होतो की ती मिसळणे म्हणजे अपव्यय, ती घुटक्याघुटक्यानेच घ्यावी. मीठ चाटून, एका दमात पेला रिचवून, लिंबू चावण्याचा जो प्रकार परदेशी पानगृहांत रूढ झाला, त्यामागे चव घेण्यापेक्षा चव चुकविण्याचाच उद्देश असावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता कोणी असे म्हणेल की, आपल्याकडे मद्य गाळण्याचे आणि पारखण्याचे शास्त्रच नव्हते. परंतु हे म्हणणे टिकणारे नाही. चरकसंहितेत चौऱ्यांशी आसवांची गणना असून फुलांपासून होणाऱ्या आसवांत मधूकाचा, म्हणजे मोहाचा, स्पष्ट उल्लेख येतो. कौटिल्याने सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण लिहून मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. गाथासप्तशतीतील गोदातीरच्या गावांतही मोहाची फुले वेचणाऱ्या स्त्रिया भेटतात. आणि नांदेडच्या ईशान्येस, किनवट-माहूरच्या अरण्यात, गोंड, कोलाम, आंध व परधान या जमातींच्या जीवनात मोहाचे स्थान ग्रंथांवर अवलंबून कधीच नव्हते. फाल्गुन-चैत्रात पहाटेपूर्वी मोहाची मांसल फुले आपोआप गळून पडतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा स्वच्छ केलेली असते, आणि उजाडताच बायका-मुले टोपल्या घेऊन वेचावयास बसतात. उन्हात चार दिवस पडली की ती फुले मनुकांप्रमाणे तपकिरी व चिवट होतात, आणि त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग निव्वळ साखर असते. जे झाड दरसाल विनासायास साखर भूमीवर टाकते, त्याच्या छायेत राहणाऱ्याने दहा वर्षे वाट पाहून केकताडाचा गड्डा खणण्याचा खटाटोप कशासाठी करावा, हा प्रश्न अर्थशास्त्राचाच आहे, आणि त्याचे उत्तरही तितकेच रोकडे आहे.

गाळण्याची रीत साधी. आंबलेल्या फुलांचे मडके चुलीवर, त्यावर दुसरे उपडे, सांध्यांना ओली माती लिंपलेली, बाजूने पोकळ बांबू, आणि बांबूच्या टोकाशी गार पाण्यात बसविलेले भांडे. पाणी तापले की बदलावयाचे, आणि जाळ मंद ठेवावयाचा, कारण जाळ भडकला तर फुले करपून त्यांचा कडवट धूर अर्कात उतरतो. पारख बोटाने व विस्तवाने होई. बोट बुडवून दिव्याशी नेले आणि निळी ज्योत धरली तर माल कडक. निखाऱ्यावर शिंपडल्यास नुसता चुरचुरला तर पाणचट. पहिल्या धारेची म्हणून जी मराठी मुलखात नावाजली जाते तिच्या कौतुकाविषयी मात्र एक शंका नोंदविणे प्राप्त आहे: टकीलाचे गाळणारे पहिली धार व शेवटची धार दोन्ही बाजूस काढून मधलीच राखतात, कारण आरंभीच्या धारेत हलकी, उग्र व अपायकारक द्रव्ये एकवटलेली असतात, आपल्या पिणाऱ्याने नेमक्या त्याच धारेस मानाचे पान द्यावे, यावरून त्याला चवीपेक्षा कडकपणाची ओढ किती लागली होती हे दिसते. ही ओढ उपजत नव्हती. ती लावली गेली, आणि ती लावण्यात सरकारी आबकारीचा हात मोठा होता.

नांदेड हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानातील एक जिल्हा. पहिल्या सालारजंगाने आपल्या दिवाणगिरीत जमीनमहसुलाच्या इजाऱ्याची जुनी घातक पद्धत मोडली, तरी मद्याचा व्यवहार गुत्त्याने, म्हणजे मक्त्यानेच, चालू राहिला. आणि जसजसा कारभार नियमबद्ध होत गेला तसतशी आबकारी ही जमीनमहसुलाच्या खालोखाल खजिन्याची आधारशिला बनली. 1316 फसलीत, म्हणजे इसवी सनाच्या 1906-07 च्या सुमारास, हैदराबाद आबकारी कायदा आला. दुकानांची हर्रास होई, जास्तीत जास्त बोली करणारा गुत्तेदार वर्षापुरता मालक बने, आणि सरकारी दप्तरात ज्यांस गुलमोहवा म्हणत त्या मोहाच्या फुलांपासून हैदराबादेतील नारायणगुड्यासारख्या मध्यवर्ती गाळपखान्यांत ठरीव तीव्रतेची दारू तयार होऊन दुकानांवर येई. शेजारच्या इंग्रजी मुलखातही तऱ्हा निराळी नव्हती: मुंबई इलाख्यात 1878 चा आबकारी कायदा झाला, आणि 1892 च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले. म्हणजे झाड आदिवासीचे, फूल आदिवासीचे, विद्या आदिवासीची; आणि तिचा उपयोग केल्यास अपराध मात्र सरकारदरबारी नोंदला जाणार.

या व्यवस्थेचे महसुली परिणाम सर्वांस ठाऊक आहेत. चवीवर झालेला परिणाम फारसा कोणी लक्षात घेत नाही. ज्याने बारा महिन्यांत हर्रासीची रक्कम वसूल करावयाची, त्या गुत्तेदारास या डोंगराचा मोह व त्या डोंगराचा मोह यांतील अंतर जपण्यात काय स्वारस्य असणार? ज्या दारोग्याने तपासणी करावयाची, त्याच्या हाती तीव्रता मोजणारी काचेची नळी होती. मद्याचा गंध नोंदण्यासाठी त्याच्या रजिस्टरात रकाना नव्हता. टकीला गावातील घराण्यास सनद मिळाली आणि गावाचे नाव मद्यास चिकटले. येथे परवाना गुत्तेदाराच्या नावे निघे आणि दरसाल बदले. गावाचे नाव धारण न करणाऱ्या वस्तूची तुलना करावयाची तरी कशाशी? किनवटच्या वृद्धांना अमुक झाडाच्या फुलांचा अर्क सौम्य उतरतो हे निश्चित ठाऊक असे, परंतु ते ज्ञान चोरून गाळणाऱ्याचे ज्ञान ठरले, आणि चोरून गाळणाऱ्याला घाई असते.

शिंदीची कथा याहून चमत्कारिक. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तेलंगणास लागून असलेल्या पट्ट्यात मोहापेक्षा शिंदीचे चलन अधिक होते. तिचा रस पहाटे गोड, दुपारी आंबट, आणि सायंकाळी केवळ धीट माणसाने प्यावा असा. प्रत्येक छेद दिलेल्या झाडावर कर असल्यामुळे शिंदीचे झाड म्हणजे निजामाच्या तिजोरीची उघड्या माळावर उभी असलेली शाखाच होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसने 1947 च्या निजामविरोधी लढ्यात करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यांबरोबरच या झाडांवरही कुऱ्हाड चालविण्याचा कार्यक्रम दिला, आणि मराठवाड्यात ठिकठिकाणी शिंदीची बने आडवी झाली. मद्यपाननिषेधाची भावना त्यामागे नव्हती असे नाही, परंतु घाव मुख्यतः महसुलावर होता.

17 सप्टेंबर 1948 नंतर संस्थान भारतात विलीन झाले. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, त्याच वेळी आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट नांदेडास जोडले गेले, आणि पाठोपाठ मुंबईचा 1949 चा दारूबंदी कायदा या मुलखासही लागू झाला. पुढे बंदी सैल होऊन 1973 च्या नियमांनी देशी दारूस रीतसर परवाना मिळाला, तेव्हा बाटलीत मोह परतला नाही. तेथे आली ती उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कात संत्र्याचा वास घालून केलेली दारू. ज्या अर्धापूर परिसरात कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, त्याला मळी परकी नव्हती. तिने मोहाला शासनाच्या मदतीने मागे सारले, एवढेच नमूद करून पुढे जावे. कारण संत्र्याच्या चवीविषयी लिहिण्याजोगे फार काही नाही.

केकताडाकडे मद्यनिर्मात्यांचे लक्ष वळले ते अगदी अलीकडे. देस्मंड नाझरेथ या गृहस्थांनी आंध्रातील चित्तूर जिल्ह्यात गाळपखाना उभारून दख्खनच्या पठारावरील अगाव्हेपासून मद्य काढले, आणि 2011 साली ते गोव्यात विक्रीस आणले. नावावर मेक्सिकोचा हक्क असल्याने त्यास टकीला म्हणता येत नाही. परंतु जाणकारांनी तुलना केली असता साम्य उघड दिसते, आणि भेदही. आपल्याकडील जात निळी नसून सामान्यतः अगाव्हे अमेरिकाना, तिला पक्व होण्यास अधिक वर्षे लागतात, आणि तिच्या अर्कात मिरीपेक्षा मातकट, किंचित धुरकट सूर वरचढ असतो; त्यामुळे ते लिंबूरसात फिकट पडत नाही, मिसळण्यास ते चांगलेच आहे, मात्र नुसते प्यावयाचे झाल्यास पेल्यात थोडा वेळ उघडे ठेवून मगच ओठांस लावावे. गोव्यात काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे एकदाच गाळलेला उर्राक लिंबाच्या सोड्यात मीठ व चिरलेली मिरची घालून उन्हाळ्यात पितात, आणि फेणी नुसती घेतात. गाळण्याच्या पायऱ्यांनुसार पिण्याची रीत ठरविण्याची ही शिस्त मेक्सिकोच्या शिस्तीशी जुळते, आणि ब्राझीलहून आलेल्या काजूस गोव्याने दिलेला मान दख्खनने केकताडास दिला नाही, हेही तेथेच ध्यानात येते.

मोहाचा प्रश्न अजून अर्धवट आहे. मध्य प्रदेश शासनाने अलीकडे त्यास वारसा मद्य म्हणून मान्यता देऊन गाळप आदिवासींच्या बचत गटांकडे सोपविले; किनवटच्या गोंडाला ही मुभा नाही. त्या मध्य प्रदेशी बाटलीची तुलना अगाव्हेच्या मद्याशी करू पाहणाऱ्याने लिंबू-सोडा दूर ठेवावा, आणि एक लहान पेला कोमट हाती धरून प्रथम केवळ वास घ्यावा, कारण मोहाचे सारे वैशिष्ट्य त्याच्या जड, पिकलेल्या फुलाच्या गंधात असून थंडाव्याने व आंबटपणाने तोच आधी नाहीसा होतो.