हिशेबविद्येच्या अध्ययनपद्धती : वाई परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वाणिज्य व व्यवस्थापन शाखेतील विद्यार्थ्यांची ‘अध्ययनशैली’ हा संशोधकांच्या आवडीचा विषय आहे. प्रश्नावली भरून घेऊन विद्यार्थ्यांची ‘श्राव्य’, ‘दृश्य’, ‘कृतिप्रधान’ अशी वर्गवारी केली जाते. ही शैली उपजत असते की शिक्षणव्यवस्थेतून घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात वाई परिसराच्या इतिहासाच्या आधारे केला आहे.

विषय विवेचन :
ब्रिटिशपूर्व काळात हिशेबाचे पहिले धडे पंतोजींच्या शाळेत मिळत. धूळपाटीवर अक्षरे गिरवली जात. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी एका सुरात म्हणवून घेतली जात. शेर, मण आणि आणे यांच्या व्यवहारात अपूर्णांक तोंडी सोडवावे लागत, म्हणून पाठांतरास महत्त्व होते.

पुढील शिक्षण पेढीवर किंवा कचेरीत होई. वाईजवळ मेणवली येथे कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा (१७४२–१८००) वाडा आहे. फडणवीस हे पद मुळात हिशेबाच्या कचेरीचे. रोजकीर्द, खतावणी व ताळेबंद ही कामे नवखा कारकून जाणत्याजवळ उमेदवारी करून शिके. म्हणजे शाळेत कानाने शिकलेला मुलगाच कचेरीत हाताने शिकत होता.

१९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय सुरू झाले आणि व्याख्यान, पाठ्यपुस्तक व लेखी परीक्षा ही वाणिज्य शिक्षणाची चौकट रूढ होत गेली. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती या भागात अधिक विस्तारली.

मात्र जुन्या पद्धतीचा गौरव करताना तिची मर्यादा विसरता येत नाही. लेखणीचे काम प्रामुख्याने काही जातींपुरते राहिले. मुली तर जवळजवळ वगळल्याच गेल्या. कोणी हाताने राबावे आणि कोणी हिशेब लिहावा, हे जन्मावरून ठरे. ही विभागणी मोडण्याचा मोठा प्रयत्न याच जिल्ह्यात झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ या योजनेतून श्रम व ग्रंथ एकाच विद्यार्थ्याच्या हाती दिले.

डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ च्या ग्रंथात अनुभव, चिंतन, संकल्पना व प्रयोग हे शिकण्याचे चक्र मांडले. त्यातही अध्ययन या चारही टप्प्यांतून जाते. शैलीनुसार शिकविल्याने अध्ययन सुधारते, यास पुरेसा पुरावा नसल्याचे हॅरोल्ड पॅशलर व सहकाऱ्यांनी २००८ च्या आढाव्यात दाखवून दिले.

निष्कर्ष :
अध्ययनाची रीत बहुतांशी विषय, साधने आणि संधी यांनी घडते, असे या इतिहासावरून दिसते. ग्रामीण विद्यार्थ्यास ‘कृतिप्रधान’ ठरवून सिद्धान्तापासून दूर ठेवणे म्हणजे जुनीच विभागणी नव्या नावाने आणणे होय. ताळेबंद मांडणे आणि त्यामागील तत्त्व समजणे, या दोन्हींवर प्रत्येक विद्यार्थ्याचा हक्क आहे. म्हणून विद्यार्थ्यांची वर्गवारी करण्यापेक्षा अध्यापनाच्या पद्धतींत विविधता आणणे अधिक उचित ठरेल.