ठिबक संचाची विक्री (खानदेश)

जळगाव व धुळे जिल्ह्यांत ठिबक सिंचनाचे संच शेतकऱ्यांच्या गळी उतरवण्याची पद्धत. पहिल्याच भेटीत सौदा ठरणे येथे अपवादानेच घडते. त्यामुळे विक्रेत्याचे यश महिन्याच्या आकड्यावर जोखणे अन्यायाचे आहे; ते हंगामांवर जोखावे.

या व्यवसायाचे केंद्र जळगाव. वाकोदचे (ता. जामनेर) भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९६३ मध्ये ७,००० रुपये भांडवलावर रॉकेलविक्री सुरू केली. पुढे शेती-निविष्ठांच्या एजन्सी, पीव्हीसी पाईप आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक, असा क्रम लागला. म्हणजे ठिबक आले तेव्हा गावोगावची ओळख आधीच जुनी झालेली होती. या उद्योगाच्या इतिहासात तंत्राइतकेच या ओळखीला महत्त्व द्यायला हवे.

शेतकऱ्यांच्या शंका रास्त होत्या. केळी हे भरपूर पाणी पिणारे पीक. थेंबांवर ते कसे पोसणार? धुळ्यात पांझरेकाठी बंधाऱ्यातून पाटाने पाणी वाटून घेणारी फड पद्धत शतकानुशतके रुजलेली. त्यात संचाचा एकरकमी खर्च, क्षारांनी चोक होणारे ड्रिपर, नळ्या कुरतडणारे उंदीर. अशा वेळी माहितीपत्रक कामाला येत नाही. जाणता प्रतिनिधी शेतकऱ्याला ठिबकवरच्या बागेत नेतो, झाडाच्या बुंध्याशी खुरप्याने उकरतो आणि मुळांजवळची ओल त्याच्या हातात देतो; वर कोरडी दिसणारी माती आत ओली असते आणि मुठीत वळते.

नकाराचा अर्थ पुष्कळदा ‘आत्ता नाही’ एवढाच असतो. केळीची मृगबाग जून–जुलैत लागते, कांदेबाग सप्टेंबर–ऑक्टोबरात. उभ्या बागेत नळ्या अंथरायला सहसा कोणी धजत नाही. बागायती पूर्वहंगामी कापसासाठी निर्णय मे महिन्याआधी व्हावा लागतो. लागवडीच्या तोंडावर पुन्हा दारात उभा राहणारा विक्रेताच खरा चिकाटीचा. दर आठवड्याला फोन करणारा नुसता त्रास देतो. व्यवहार अनुदानाच्या वेगावरही अवलंबून असतो: केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५, इतरांना ४५ टक्के अनुदान आहे, पण ते हाती पडेपर्यंत पैसा अडकतो.

यशाचे प्रमाण किती धरावे? नवे तंत्र कसे पसरते याचे अभ्यासक एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ च्या ग्रंथात नवे तंत्र सर्वांआधी घेणारे २.५ टक्के, त्यांच्या पाठोपाठचे १३.५ टक्के मानले. हे सांख्यिकीने पाडलेले विभाग आहेत, विक्रीचे उद्दिष्ट नव्हे. तरी मेळाव्याला जमलेल्या शंभरांपैकी निम्मे संच घेतील ही आशा किती फोल आहे ते त्यांवरून कळते. अमेरिकेतील आयोवात संकरित मक्याचा अभ्यास (१९४३) अधिक बोलका आहे. २५९ पैकी दोघे सोडून सर्वांनी ते बियाणे स्वीकारले, पण त्याला सुमारे तेरा वर्षे लागली. पहिली माहिती जवळपास निम्म्यांना विक्रेत्यांकडून मिळाली होती; निर्णयाला मात्र शेजाऱ्यांचा अनुभव अधिक कारणीभूत ठरला.

म्हणून खानदेशात विक्रीनंतरची सेवा हीच पुढची विक्री होय. फिल्टर धुणे, नळ्यांची टोके उघडून गाळ सोडणे, क्षार साचल्यास आम्लप्रक्रिया करणे ही कामे पहिल्या हंगामात प्रतिनिधीने स्वतः उभे राहून शिकवावी लागतात. ती न शिकवता उभारलेला संच बंद पडला की त्या शिवारात दुसरा विकणे अनेक वर्षे अवघड होते.