संपाचा हक्क आणि १९३८ चे औद्योगिक कलह विधेयक

बाबासाहेबांच्या चळवळीचा इतिहास सांगताना महाडचे तळे व नाशिकचे काळाराम मंदिर यांचे स्मरण आपण आवर्जून करतो. ७ नोव्हेंबर १९३८ चा मुंबईतील एक दिवसाचा संप मात्र सहसा विसरतो. तो संप पगारवाढीसाठी नव्हता, एका विधेयकाविरुद्ध होता. म्हणूनच त्याचे महत्त्व आम्हांस विशेष वाटते.

मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने त्या वर्षी औद्योगिक कलह विधेयक मांडले. समेटाची सरकारी प्रक्रिया पुरी होण्यापूर्वी केलेला संप त्यात बेकायदा व शिक्षापात्र ठरविला होता. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते या नात्याने बाबासाहेबांनी विधिमंडळात त्यास कडाडून विरोध केला. त्यांचा युक्तिवाद असा : संपाने फार तर नोकरीच्या कराराचा भंग होतो. करारभंगाबद्दल नुकसानभरपाई मागता येईल. परंतु त्यास गुन्हा ठरवून शिक्षेचा धाक घालणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे होय. यालाच गुलामगिरी म्हणतात.

या भूमिकेची मुळे आम्हांस महारवतनात दिसतात. वतनाच्या बंधनामुळे महारांना सरकारची व गावाची कामे केव्हाही, जवळजवळ विनामोबदला करावी लागत. या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मांडले होते. ज्याला नकार देता येत नाही त्याची मजुरी ही वेठच असते, हे या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले होते. गिरणीच्या दारात तीच वेठ नव्या वेषात येऊ पाहत होती.

स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला, तरी विधेयकाचा कायदा झालाच. प्रश्न मात्र संपला नाही. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आवश्यक आहे; समेटाची कार्यवाही चालू असताना संप करता येत नाही; बेकायदा संपास दंड वा एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मुदतबंद नेमणुकीसही तिने मान्यता दिली आहे. अशा कामगारास कायमच्या कामगाराइतके वेतन देय असले, तरी मुदत संपताच त्याची नोकरी संपते. त्याने संपात उतरण्याचे धाडस कोणत्या बळावर करावे?

नव्या संहितेची चर्चा करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी विधिमंडळातील ते १९३८ चे भाषण प्रथम वाचावे, अशी आमची विनंती आहे.